चोपन्न पायऱ्या

दलाल या शब्दाला आपल्या मराठींत मान नाहीं. वकील खोट्याची बाजू मांडतो, वैद्य कडू काढे पाजतो, सोनार तर आईच्याहि दागिन्यांतलें गुंजभर सोनें काढून घेतो असें म्हणतात. तरी या सर्वांना आपण आदरानें घरीं बोलावतों आणि चहा देतों. घरांच्या दलालाला मात्र काम होईपर्यंतच चहा मिळतो. एकदां सौदा पुरा झाला कीं त्याची दलाली आपल्याला दंडासारखी वाटूं लागते. ‘केलें काय त्यानें? चार घरें दाखवलीं, एवढेंच ना?’ असें आपण म्हणतों. मीहि एके काळीं म्हटलें होतें. ज्या माणसाविषयीं मीं तें म्हटलें त्यानें मला घरें तर दाखवलींच, पण एक प्रश्नहि विचारला होता. आणि त्या प्रश्नाचें खरें उत्तर द्यायला मला चाळीस वर्षें लागलीं.

गोष्ट १९८४ सालची. आम्ही पुण्यांत सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतों. भाडें इतकें थोडें होतें कीं तें सांगतांना आतां संकोच वाटतो. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १९४० सालच्या पातळीशीं जखडून टाकलीं होतीं. त्यामुळें भाडेकरूचा पाय निघत नव्हता आणि मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती. भिंतींचे पोपडे गळत, पावसाळ्यांत छत ठिबके, सकाळीं संडासापुढें रांग लागे. वडील वारल्यानंतर घरांत आई, पत्नी, मी आणि चार वर्षांचा मुलगा, एवढीं माणसें. मी नुकताच कॉलेजांत कायम झालों होतों. कर्ज मिळण्यासारखें होतें. तिकडे कोथरूडला शेतें मोडून इमारती उठत होत्या. ‘घर पाहावें बांधून’ या जुन्या म्हणीचें आमच्या पिढीनें ‘घर पाहावें विकत घेऊन’ असें रूपांतर केलें होतें, आणि तो अनुभव मलाहि घ्यावयाचा होता.

पत्नीच्या मावशींनीं एक दलाल सुचवले. त्यांना सगळे काका म्हणत. वय साठीच्या घरांत, अंग काटक, डोक्यावर काळी टोपी. सायकलीच्या दांडीला एक कापडी पिशवी लटकत असे आणि तींत एक पितळी तांब्या. मला आधीं वाटलें, काकांना कोणाच्या घरचें पाणी चालत नसावें. पहिल्याच घरांत त्या तांब्याचा उलगडा झाला. त्यांनीं तो नळावर भरला, न्हाणीघरांत नेऊन फरशीवर ओतला आणि पाणी कोणीकडे जातें तें पाहात ते स्वस्थ उभे राहिले. पाणी मोरीकडे न जातां सरळ दाराकडे आलें. ‘चला,’ काका म्हणाले, ‘ज्याला तांब्याभर पाण्याला वाट देतां आली नाहीं, त्यानं बाकीचं काय केलं असेल!’

पाण्याविषयीं ते इतके सावध असायला कारण होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत आणि खडकवासला हीं धरणें फुटून पुण्यांत पूर आला, त्यांत त्यांचें नदीकांठचें बिऱ्हाड गेलें. पुढच्या कांहीं महिन्यांत स्वतःसाठीं खोली शोधतां शोधतां त्यांना दुसऱ्या दहाजणांसाठीं खोल्या सांपडल्या, आणि तोच त्यांचा धंदा झाला. नव्या इमारतीपाशीं गेले कीं ते आधीं आसपासच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गांठून विचारीत, ‘पूर्वी पावसाचं पाणी इथून कुठं जायचं हो?’ माणूस ओढा बुजवतो, पण पाणी आपली वाट विसरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. २०१९ च्या सप्टेंबरांत आंबिल ओढ्याच्या कांठच्या वस्त्यांत एका रात्रींत पाणी शिरलें, तेव्हां मला काकांची आठवण झाली.

त्यांच्याबरोबर मीं तीन महिन्यांत एकवीस घरें पाहिलीं आणि घर पाहण्याची विद्या थोडीफार शिकलों. घर पाहावें तर श्रावणांत, भिंतींची ओल अंगावर असतांना. भाद्रपदांत नवा रंग दिलेल्या घरावर विश्वास ठेवूं नये. गच्चीखालचा मजला वैशाखांतल्या दुपारीं पाहावा. पश्चिमेची भिंत दुपारपासून ऊन पिते आणि रात्रभर तें परत देते, म्हणून तिला लागून पलंग टाकूं नये. एकच घर एकदां पहांटे, नळाला पाणी येण्याच्या वेळीं पाहावें. एकदां दिवेलागणीनंतर, शेजाऱ्यांचे आवाज ऐकूं येतात तेव्हां पाहावें. सातबाराचा उतारा आणि मागच्या तीस वर्षांचे व्यवहार वकिलाकडून तपासून घ्यावे. ‘भिंतीचा दोष आपल्याला दिसतो, कागदाचा दोष मुलाला दिसतो,’ असें ते म्हणत. विकणारा जिन्याचा वांटा, भिंतींची जाडी, सर्व कांहीं मोजून क्षेत्रफळ सांगे. काका म्हणत, ‘सतरंजी जेवढ्यावर पसरते, तेवढीच जागा तुमची.’

अखेर दोन घरें उरलीं. एक तळमजल्यावरचें, गल्लीच्या आंतल्या बाजूस. समोर दुसरी इमारत असल्यामुळें उजेड बेताचा. पण दाराबाहेर एक ओटा होता आणि ओट्याशीं पारिजातकाचें झाड. दुसरें घर तिसऱ्या मजल्यावर. त्या काळीं एवढ्या उंचीच्या इमारतींत लिफ्ट नसणें नेहमींचेंच होतें. पण बाहेरच्या खोलीची खिडकी उघडली मात्र, आणि समोर सबंध टेकडी उभी राहिली! तिच्या माथ्यावर संध्याकाळचें ऊन होतें. त्या खिडकीशीं माझें टेबल कोठें बसेल, दिवा कोणत्या बाजूस ठेवावा, हें सर्व मीं मनांतल्या मनांत ठरवूनहि टाकलें.

काका माझ्या मागें उभे होते. ते म्हणाले, ‘प्रोफेसर, या घरांत दिवसाचे सगळ्यांत जास्त तास कोण असणार?’

‘आम्ही सगळेच,’ मी हंसून म्हणालों.

‘सगळे नाहीं. तुम्ही कॉलेजांत, वहिनी शाळेंत शिकवायला, बाळ बालवाडींत. राहिल्या आई. आईंनीं पाहिलंय घर?’

‘नाहीं. तिचे गुडघे दुखतात. उगीच एवढे जिने चढायला नकोत, म्हणून आणलं नाहीं.’

हें वाक्य मी अगदीं सहज बोलून गेलों. त्यांतली विसंगति त्या क्षणीं मला जाणवलीहि नाहीं. काकांनीं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलें. मग ते सावकाश म्हणाले, ‘टेकडी तुम्ही रविवारीं बघाल. जिना त्या रोज बघतील. वरच्या घराची दलाली मला जास्त मिळेल, म्हणून आधीं हें सांगून ठेवतों. पुढं तुमची मर्जी.’

त्या रात्रीं मीं आईला विचारलें, म्हणजे सांगितलें. उजेड भरपूर आहे, वारा छान आहे, टेकडी दिसते. ती म्हणाली, ‘तुम्हांला आवडलं ना? मग झालं.’ आपल्या घरांतून या उत्तराला संमति समजण्याचा प्रघात आहे. मींहि तसेंच समजलों.

वाड्यांत आईचा दिवस ओट्यावर जात असे. भाजीवाली तेथें टोपली टेकी, वाण्याचा पोऱ्या तेथें पुडा ठेवी, कोणाची सून माहेरीं चालली आहे आणि कोणाचा जांवई रुसला आहे हें तेथें बसल्या बसल्या कळे. तिसऱ्या मजल्यावर यांतलें कांहींच चढून येत नव्हतें. पहिलीं दोन वर्षें ती रोज संध्याकाळीं मारुतीला जाई. पुढें एक दिवसाआड जाऊं लागली, पुढें फक्त शनिवारीं. एकदां मीं विचारलें, ‘आज देवळांत नाहीं गेलीस?’ ती म्हणाली, ‘उतरायला चोपन्न नि चढायला चोपन्न, झाल्या एकशें आठ. जपाची माळ इथंच पुरी होते, देवळांत कशाला जाऊं?’ आम्ही सर्वजण हंसलों. आईच्या विनोदाचा नमुना म्हणून मीं ती गोष्ट कॉलेजांतल्या मित्रांनाहि सांगितली. पायऱ्या मोजल्यावांचून असा विनोद करतां येत नाहीं, आणि गुडघे दुखल्यावांचून कोणी पायऱ्या मोजीत नाहीं, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं. मी त्या जिन्यानें रोज दोनदां जात-येत होतों. पण पायऱ्या किती, हें मला कोणी विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें.

नंतर गॅलरींतून दोरीला बांधलेली टोपली खालीं जाऊं लागली, आणि भाजीवालीशीं होणारें बोलणें वरून ओरडून होऊं लागलें. शेवटच्या पांच वर्षांत आई तीन वेळां खालीं उतरली. दोन वेळां वेताच्या खुर्चींत बसवून दोघांनीं तिला उचलून नेली, दवाखान्यांत जाण्यासाठीं. तिसऱ्या वेळीं उतरणेंच होतें, चढणें नव्हतें. माळ अर्धीच राहिली.

त्या घरानें आम्हांला नुसतें दुःखच दिलें असें म्हणणें खोटेंपणाचें होईल. मुलगा तेथेंच वाढला. त्या खिडकीशीं बसून मीं दोन पुस्तकें लिहिलीं, आणि टेकडीवरून येणारा पहिला पाऊस पुष्कळ वर्षें पाहिला. पण तें सुख माझें होतें, आणि त्याचें मोल आईनें दिलें होतें. मधल्या काळांत काका लक्ष्मी रस्त्यावर कधीं भेटले, तर सायकल थांबवून एकच चौकशी करीत, ‘आई उतरतात ना खालीं?’ मी म्हणें, ‘हो, अधूनमधून.’ ते मान हलवीत आणि पुढें जात. ‘मीं सांगितलं होतं,’ असें ते एकदांहि बोलले नाहींत. ते खोटें उत्तर मीं किती वेळां दिलें असेल कोण जाणे! आतां काकाहि नाहींत, आणि तें दुरुस्त करावयाचें राहून गेलें.

गेल्या वर्षीं मुलानें नवें घर पाहावयाचें काढलें, आम्हां दोघांना आपल्याबरोबर घेऊन राहण्यासाठीं. आतां दलालांचें रूप पालटलें आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें त्यांना नोंदणी करावी लागते. चटईक्षेत्र म्हणजे काय हें त्याच कायद्यानें सांगून ठेवलें असल्यामुळें सतरंजी पसरून पाहण्याची गरज उरलेली नाहीं. आमच्या वांट्याला आलेला तरुण मोठा सालस होता. कागदपत्रें, नकाशे, कोणत्या महिन्यांत ऊन कोणत्या खिडकींतून येईल, हें सर्व त्यानें मोबाइलवर दाखवलें. अकराव्या मजल्यावरचें घर पाहतांना मीं पिशवींतून घरचा तांब्या काढला, तेव्हां मुलगा जरा ओशाळला; पण तो तरुण मात्र माझ्याबरोबर न्हाणीघरांत येऊन उभा राहिला. पाणी बरोबर मोरीकडे गेलें.

मग मीं तो प्रश्न विचारला. ‘या घरांत दिवसाचे सगळ्यांत जास्त तास कोण असणार?’

मुलगा सुनेकडे पाहूं लागला. ती म्हणाली, ‘मी आठवड्यांतले तीन दिवस घरूनच काम करते. तरी सगळ्यांत जास्त तास तुम्ही आणि आईच असणार, बाबा. म्हणून तर आज तुम्हां दोघांना आणलं.’

मला एकदम बोलवेना. माझ्या आईला मीं ज्या कारणासाठीं घरीं ठेवलें होतें, त्याच कारणासाठीं या मुलीनें आम्हांला बरोबर आणलें होतें.

पत्नी इतका वेळ गप्प होती. ती त्या तरुणाला म्हणाली, ‘याच इमारतींत खालीं एखादं असेल तर दाखवा.’

‘दुसऱ्या मजल्यावर आहे एक,’ तो म्हणाला, ‘पण तिथून कांहीं दिसत नाहीं.’

आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलों. इकडे ती खिडकी उघडायला गेली, तेवढ्यांत मीं दाराबाहेर जाऊन जिना उतरून पाहिला आणि पुन्हां चढून आलों. पायऱ्या या वेळीं मोजल्या. परत आलों तों ती खिडकीशींच उभी होती. खालीं भाजीची गाडी थांबली होती, शाळेच्या बसमधून मुलें उतरत होतीं, एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसून कोणाशीं तरी वाद घालीत होते. त्यांचे शब्द सुद्धां वर ऐकूं येत होते.

‘आवडलं?’ मीं विचारलें. विचारतांच माझी चूक माझ्या लक्षांत आली. म्हणून मीं पुन्हां विचारलें, ‘तुला कुठलं घर हवंय?’

पंचेचाळीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न मीं तिला प्रथमच विचारीत होतों. उत्तर द्यायला तिनें बराच वेळ घेतला, आणि मीं तो तिला घेऊं दिला.