वर्ग मुलाच्या उंचीचा

आपल्या मुलाला अथवा नातवंडाला पहिलीत घालण्याचा योग आला, तर वाचकहो, एक लहानसा प्रयोग अवश्य करावा. वर्ग पाहावयास जाल तेव्हा दाराशीच न थांबता मधोमध जमिनीवर मांडी घालून बसावे आणि मान वर न करता चहूकडे दृष्टी फिरवावी. सहा वर्षांचे मूल उभे राहिले तरी पावणेचार फुटांच्या पुढे क्वचितच जाते; बसल्यावर त्याची नजर कितीशी पोहोचणार? पुष्कळ वर्गांत तेवढ्या उंचीवर आपणांस तेलरंगाचा तपकिरी पट्टा तेवढा दिसेल. थोरांच्या तसबिरी, सुविचार, नकाशा, घड्याळ ही सारी मंडळी वर छताजवळ बसून मोठ्या माणसांशी बोलत असतात.

दिल्लीत रामकृष्णपुरम या वसाहतीत, जिला सारे शहर आर. के. पुरम म्हणते, मी बरीच वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी नोकरांसाठी ही वसाहत सेक्टरा-सेक्टरांनी वाढत गेली. बदलीचा हुकूम निघाला की बिऱ्हाड येथे येते, आणि बिऱ्हाडाबरोबर एक लहान मूल नव्या दप्तरासह वर्गाच्या दाराशी उभे राहते. घरी कोणी मल्याळम बोलते, कोणी ओडिया, कोणी गढवाली. आपले एखादे वऱ्हाडी पोरही असते. अशा मुलाला ‘ये, बस’ एवढेही हिंदीत नीट कळत नाही. म्हणजे त्याचे स्वागत बाईंच्या तोंडून होणे कठीण. ते खोलीनेच केले पाहिजे. वर्गसजावटीचे सगळे महत्त्व, माझ्या मते, या एका गोष्टीत आहे.

म्हणून माझ्या वर्गातील पहिली वस्तू म्हणजे खुंट्या. मुलाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर एक लांब फळी, तिच्यावर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र: छत्री, मोर, किल्ली, होडी. नाव वाचता येत नाही तोवर चित्र हेच नाव. आपले चित्र ज्याने त्याने निवडावे. दप्तर कोठे ठेवू, पाणी कोठे पिऊ, रंगखडू कोठून घेऊ, हे ज्याला विचारावे लागत नाही, ते मूल अर्ध्या दिवसात त्या खोलीचे रहिवासी होते. विचारावे लागणे हाच परक्या भाषेतल्या मुलाचा सर्वांत मोठा जाच. मारिया मॉण्टेसरींनी रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली बालगृह उघडले, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या खुर्च्या-टेबले करवून घेतली, ती याच जाणिवेने.

दुसरी वस्तू खिडकीखालची मांडणी. तिच्यावर विकतचे काही नाही. निंबोळ्या, सावरीचा कापूस, गुलमोहराच्या चपट्या शेंगा, मोराचे एखादे पीस: या वसाहतीच्या रस्त्यांवर व बागांत सापडते ते. ही कल्पना माझी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात शंखशिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, असे ताराबाईंनी ठरविले आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द तिच्याबरोबर देशभर पोहोचला.

एका एप्रिलमध्ये केरळहून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात तीन आठवडे एक अक्षर बोलली नाही. दप्तर अडकवी, बसे, चित्र काढी, घरी जाई. आईच्या डोळ्यांत चिंता दिसू लागली होती. खरे सांगावयाचे तर माझ्याही मनात होती. मेच्या आरंभी आमच्या शिपाईकाकांनी पिवळ्या फुलांचा एक घोस आणून मांडणीवर ठेवला. मुले ओरडली, ‘अमलतास!’ मी म्हटले, ‘आमच्याकडे बहावा म्हणतात.’ तेव्हा मागून बारीक आवाज आला, ‘कोन्ना.’ विषूच्या सणाला पहाटे देवापुढे मांडतात ती ही फुले! मी तिच्या आईकडून तो शब्द मल्याळम लिपीत लिहवून घेतला आणि तिन्ही नावांच्या चिठ्ठ्या घोसाखाली लावल्या. दुसऱ्या दिवशी एक बंगाली मुलगा घरून चौथे नाव विचारून आला. सुट्टी लागेपर्यंत ती मुलगी बडबडी झाली, असे मात्र झाले नाही. पण चिठ्ठ्या वाऱ्याने पडल्या की ती स्वतः उठून लावू लागली.

आता दुसरी बाजू. स्वागत म्हणजे भरगच्च भिंती, असा एक समज आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी थर्मोकोल, चमकी व फुगे यांना जो ऊत येतो, तो मी पाहिला आहे आणि मला तो कधी रुचला नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. काही धडे गच्च सजविलेल्या खोलीत, काही साध्या खोलीत शिकविले. सजविलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठाबाहेर गेले, साध्या खोलीत २८.४ टक्के, आणि बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ व ५५ टक्के आली. प्रयोग लहान होता. तरीही फळ्याभोवतीची भिंत मोकळी ठेवावी, एवढे त्यावरून घ्यावयास हरकत नाही. मुलांची चित्रे मागच्या व बाजूच्या भिंतींवर लावावीत. बाजारचे तक्ते तर बेतानेच. हिंदीतला ‘ज्ञानी’ आणि आमचा ‘ज्ञानेश्वर’ यांचे आद्याक्षर एकच, उच्चार मात्र दोन. तक्त्याला हे कोठून कळणार?

वास्तूही पुष्कळ काम करू शकते. दिल्लीचेच वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी आपल्या ‘विन्यास’ संस्थेतर्फे शाळेची इमारतच शिकविण्याचे साधन करण्याची रीत दाखविली: दार उघडते त्या जमिनीवर कोन आखावेत, खिडकीच्या गजांना अक्षरांची वळणे द्यावीत. दार तर उघडणारच आहे. मग ते काटकोन शिकवीत का उघडू नये?

येथील हवा मात्र सजावटीची वैरीण. जुलैत कूलरच्या ओलसर वाऱ्याने कागद सुटतात, म्हणून आम्ही गोंदाऐवजी सुतळी बांधून चिमटे लावीत असू. थंडीत उन्हाचा एक तुकडा खिडकीतून आत येई. सतरंजी त्याच्या मागोमाग सरके, आणि गोष्टीचा तास तेथेच होई. मार्चअखेर सुतळी रिकामी करून ज्याचे चित्र त्याच्या हाती देत असू. नव्या मुलांना भिंत कोरीच मिळे. खुंट्यांवरची चित्रेही पुसून ठेवलेली असत, कारण छत्री कोणाची आणि मोर कोणाचा, हे अजून ठरावयाचे असे.