रुसलेला संगणक

रुसणे हा काही फक्त माणसांचा हक्क नाही. पाऊस रुसतो, दैव रुसते, आणि जावई तर रुसण्यासाठीच जन्माला आलेला असतो. पण या सर्वांची समजूत काढण्याच्या रीती आपल्या वाडवडिलांनी ठरवून ठेवल्या आहेत. पावसासाठी धोंडी काढावी, जावयासाठी धोतरजोडी. संगणक रुसला तर कोणापुढे नारळ फोडावा, हे मात्र कोणत्याही पोथीत सांगितलेले नाही.

आम्ही घोरावाडीचे. पुण्याहून लोणावळा लोकलने निघाले, की बेगडेवाडीनंतर आमचे स्टेशन आणि आमच्यानंतर तळेगाव. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. शेजारच्या डोंगरावर घोरावडेश्वराची कोरीव लेणी आहेत. महाशिवरात्रीला तिथे माणसांची रीघ लागते. एरवी वारा आणि माकडे. पावसाळ्यात मावळात जो ओलावा भरतो, तो भिंतीत शिरतो, पापडात शिरतो आणि, पुढे कळेलच, यंत्रांनाही सोडत नाही.

आमच्या घरी आठ वर्षांचा एक संगणक आहे. घरात त्याला मान दुभत्या गाईचा. ताई त्याच्यावर लोकांचे प्रबंध, लग्नपत्रिका आणि नाना तऱ्हेचे अर्ज टाइप करून देते. आप्पांची पेन्शन घरखर्चाला पुरते, तेवढीच. माझी कॉलेजची फी आणि लोकलचा पास या गाईच्या दुधावर चालतो. पण गाय आता थकली होती. मोठा प्रबंध उघडला, की एका पानावरून दुसऱ्या पानावर जाईपर्यंत चहाला उकळी येई.

म्हणून ताईने पै पै साठवून दोन वस्तू आणवल्या: रॅमची एक जादा पट्टी आणि एसएसडी ही नव्या जातीची डिस्क. पुण्यात शिकणाऱ्या मावसभावाने त्यात आपल्याकडचे एक जुने ग्राफिक कार्ड फुकट घातले. शनिवारी संध्याकाळी तो आला, वीज गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात तिन्ही वस्तू बसवून शेवटच्या लोकलने परत गेला. वीज आली. ताईने देवाला नमस्कार करून बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. आतून मात्र थांबून थांबून एक लांब भोंगा वाजू लागला. आईला वाटले, शेजारचे कुत्रे रडते आहे.

सोमवारी दुपारी एका संशोधक विद्यार्थिनीचा दोनशे चाळीस पानांचा प्रबंध छापून द्यायचा होता. तो या पेटीत होता.

त्या रात्री आमच्याकडे सल्ल्यांचा सुकाळ झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, शनिवारी लोखंडाला हात लावायलाच नको होता. एकाने सांगितले, रात्रभर तांदळात ठेवा. दुरुस्तीच्या एका दुकानदाराने फोनवरच निदान केले: "पंखा फिरतोय, पडदा काळा? मग मदरबोर्ड गेला. नवा घ्या. नऊ हजार धरून चला." नऊ हजार हा आकडा ऐकून ताई काहीच बोलली नाही. ती उठून उगाचच भांडी घासू लागली. माझ्या पुढच्या वर्षाच्या फीचे काय, हे विचारायचे धैर्य मलाही झाले नाही.

आप्पा एवढा वेळ कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म पुणे-लोणावळा मार्गावर गेला. पण घरात मोबाइल आणि संगणक आले, तसे आप्पा मागे पडत गेले. "तुम्हाला यातलं कळत नाही," हे वाक्य आमच्या घरात कोणी रागाने म्हणत नसे, पण दिवसातून एकदा तरी म्हटले जाई. रविवारी सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पण काल दुपारपर्यंत ते चालत होतं ना? मग तेव्हापासून आत्तापर्यंत काय काय बदललं, तेवढं मला सांग."

ताई म्हणाली, "तीन वस्तू बसवल्या."

"मग तिन्ही काढा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या, की कुणामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

वायर काढली. आप्पांनी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. ही सवय त्यांना नोकरीतच लागलेली. कार्ड काढले, डिस्क काढली, रॅमची नवी पट्टी काढली, पडद्याची तार जुन्या जागी लावली. ताईने बटण दाबले. एकच छोटी 'टिक' आणि पडदा उजळला. प्रबंधाची दोनशे चाळीस पाने जागच्या जागी होती! ती जुन्या डिस्कवर होती आणि त्या डिस्कला काहीच झाले नव्हते.

मला वाटले, झाले. आता सगळे बासनात गुंडाळून ठेवावे. पण आप्पांना आता रंग चढला होता. डिस्क लावली, चालले. कार्ड लावले, चालले. रॅमची पट्टी लावली आणि पुन्हा तो रडका भोंगा. "पट्टी खराब," मी निकाल दिला. "जागा बदलून बघ," आप्पा म्हणाले. जुनी पट्टी काढून तिच्या जागी नवी बसवली, तर चालले! म्हणजे पट्टी निर्दोष होती. दोष त्या दुसऱ्या खाचेत होता. आठ वर्षे त्या खाचेत काहीच बसलेले नव्हते.

आप्पांनी चष्मा वर केला, बॅटरी धरली आणि हसू लागले. खाचेच्या एका टोकाला मुगाएवढा मातीचा वाळका गोळा होता. कुंभारीण माशीचे घर! उन्हाळ्यात हवा लागावी म्हणून पेटीचा बाजूचा पत्रा काढलेला असतो. त्या बाईने खाच रिकामी बघून संसार मांडायला घेतला असावा. त्यामुळे पट्टी एका बाजूने केसभर वर राहत होती. कोरड्या मऊ ब्रशाने माती काढली, पट्टी दाबली, दोन्ही बाजूंचे चाप 'खट्' करून बसले. नऊ हजारांचा आजार मुगाएवढ्या मातीवर मिटला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असेच होणार होते ते.

मी विचारले, "एवढ्याशा मातीसाठी सगळंच बंद कशाला? बाकी तर ठीक होतं."

तेव्हा आप्पांनी मला रुळांची गोष्ट सांगितली. रुळांतून अगदी मंद वीज सोडलेली असते. ती दुसऱ्या टोकाच्या रिलेला उचलून धरते, तोवर सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली, की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात. वीज रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निघाली, बॅटरी संपली, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. "गाडी नसताना सिग्नल लाल राहिला तर लोक आम्हाला शिव्या देतात," आप्पा म्हणाले. "देऊ देत. गाडी असताना हिरवा झाला तर शिव्या द्यायला माणसं उरत नाहीत."

संगणकही बटण दाबल्याबरोबर प्रथम स्वतःची तपासणी करतो. स्मृतीचा भरवसा वाटला नाही, तर तो पुढे पाऊल टाकत नाही. भोंगा वाजवून सांगतो. या भोंग्याची बोली कंपनीगणिक वेगळी, मराठीच्या बोलींसारखी. मी मराठी विषय घेऊन बी. ए. करते, तरी रात्रभर कोणी बोलत होते आणि मला ती नुसती रड वाटली.

पुढे मी ग्रंथालयात थोडे वाचले. क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की रिलेच्या जोडण्यांनी तर्कशास्त्रातले 'होय' आणि 'नाही' मांडता येते. आजचा संगणक त्याच विचारावर उभा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या रिलेंच्या संगणकात बिघाड झाला, तेव्हा एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो तिथल्या मंडळींनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्याआधीचीच. म्हणूनच खरा किडा सापडल्याची त्यांना गंमत वाटली. हे मी आप्पांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "रिले? मग आम्हाला कळत नाही असं का म्हणता?"

याला उत्तर नव्हते. रिले हा संगणकाचा आजोबा, आणि त्या आजोबांची सेवा आमच्या घरातल्या माणसाने जन्मभर केलेली. आम्ही मात्र त्यांना मोबाइलवरचा संदेश कसा उघडायचा एवढेच शिकवत बसलो होतो.

सोमवारी प्रबंध वेळेवर गेला. आता गल्लीत कोणाचे काही बिघडले, की आप्पांना बोलावणे येते. परवा काकूंचा मिक्सर बंद पडला. "मला मिक्सरमधलं काही कळत नाही," असे म्हणत आप्पांनी पायांत चपला सरकवल्या.