बाबांच्या गोळ्या आणि बाबासाहेबांचं इन्शुलिन



गेल्या वर्षी वर्षावासात मिरजोळ्यातल्या घरी तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो पुसायला खाली घेतला. बाबासाहेबांच्या फ्रेममागून गोळ्यांच्या सात पट्ट्या खाली पडल्या. अ‍ॅम्लोडिपिन, बीपीची गोळी. एकही फोडलेली नव्हती. तीनच आठवड्यांपूर्वी माझ्या बाबांची उजवी बाजू गेली होती.

बाबांचा बीपी सापडला तो आम्हीच 14 एप्रिलला भरवलेल्या आरोग्य शिबिरात. वरचा आकडा 180 च्या पुढे. शिबिराचे फोटो गावशाखेच्या ग्रुपवर गेले, मुंबई मंडळाने अभिनंदन केलं आणि तिथेच शिबिर संपलं. कोण गोळ्या घेतोय, कोणी सोडल्या, हे नंतर कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि पेशंट तर माझ्याच घरात होता. कधी विचारलंच तर ते म्हणायचे, "मला काय झालाय? चांगला हाय मी." बीपीची गोष्टच अशी की बहुतेकांना काही दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे न दुखणाऱ्या आजारासाठी रोज गोळी खाणारा माणूस घरच्यांनाही नाटकी वाटतो.

पट्ट्या सापडल्या तेव्हा माझ्या डोक्यात आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आलं : अंधश्रद्धा, अज्ञान. खरं कारण बाबांनी महिन्याभराने, वाकड्या झालेल्या तोंडाने सांगितलं. ते एमआयडीसीत कंत्राटी कामावर होते. दुपारच्या डब्यासोबत गोळी घेताना कंत्राटदाराच्या माणसाने पाहिलं आणि सर्वांसमोर विचारलं, "काका, झेपतंय ना?" त्या दिवसापासून गोळी बंद. घरी तरी का घेतली नाही, तर म्हणे आई आजूबाजूच्या बायकांना सांगेल आणि गोष्ट फिरत फिरत कामावर पोचेल. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण त्या आणायच्या म्हणजे रांग, रांग म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कोण देणार? पट्ट्या आई आणत होती. बाबा घेत नव्हते.

औषध आणि आपण यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी उभं राहिलेलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. ते 1929 साली 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरने फी घेतली, पण तिला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे, आणि त्याच वाटेने तो परत गेला. ती बाई वाचली नाही. आज थर्मामीटर असा फिरत नाही, हे खरं. पण "झेपतंय ना?" हा प्रश्न कोणाच्या बापाला विचारला जातो आणि कोणाच्या नाही, ते एकदा कंपनीच्या गेटवर उभं राहून बघा.

आता आपल्याबद्दल. बाबासाहेब अठरा अठरा तास काम करायचे, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. त्यांना मधुमेह होता, पाय असह्य दुखायचे, ते इन्शुलिनवर होते, हे किती वक्ते सांगतात? मुंबईत डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत. डॉ. शारदा कबीर यांची ओळख त्याच काळातली. 15 एप्रिल 1948 ला त्यांचं लग्न झालं आणि पुढे पथ्य, औषध, इंजेक्शन हे सगळं माईसाहेबांकडे आलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी या दोन्ही डॉक्टरांचे आभार मानले होते, त्यांच्यामुळे ग्रंथ पुरा करता आला म्हणून. 1957 च्या पहिल्या छापील आवृत्तीत तो मजकूर आला नाही. आणि औषध देणाऱ्या त्या बाईवर आपल्यातल्याच लोकांनी विषाचा संशय घेतला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. हे लिहिल्याबद्दल काही जण माझ्यावर चिडतील. चिडा. पण आपल्या घरात पट्ट्या आणणाऱ्या, वेळ लक्षात ठेवणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? "कटकट करू नको."

वर्षावासात तथागतांचा तो प्रसंग आपण वाचतोच : अतिसाराने पडलेला भिक्खू, त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि आनंदाला सोबत घेऊन तथागत स्वतः त्याला आंघोळ घालतात. आमच्या विहारात त्याला सगळे माना डोलावतात. त्याच परंपरेत भिक्खूच्या चार गरजा सांगितल्या आहेत : चीवर, भिक्षान्न, निवारा आणि चौथी औषध. दुपारनंतर न जेवणाऱ्या भिक्खूलाही आजारात तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेता येत होतं. नियमाचा एवढा काटेकोर संघ, पण आजाऱ्यासाठी वाट मोकळी होती. आमच्या वाडीत जयंतीची मिरवणूक असली की गोळीचा खाडा ठरलेला!

आणखी एक सांगायचं राहिलं. बाबांना घेऊन गेलो त्या दिवशी नर्सने सहज माझाही बीपी बघितला. मी अडतीस वर्षांचा आहे. दोन महिने मी गोळी मोरीत जाऊन घेत होतो. बाबांना हसायचा मला काय अधिकार? शेवटी वर्षावासाच्या समारोपाच्या बैठकीत सगळ्यांसमोर पट्टी काढली, पाणी मागितलं आणि गोळी घेतली. एकाने विचारलं, "तुला पण?" मग शाखेचे खजिनदार म्हणाले, त्यांना शुगर आहे, चार वर्षं झाली. मागे बसलेल्या एका पोराने फिटच्या गोळीचं नाव सांगितलं, तेही हळूच, कारण त्याच्या लग्नाचं बघतायत.

बाबा आता भिंतीला धरून पडवीपर्यंत येतात. गोळ्यांचा स्टीलचा डबा दाराजवळच्या फळीवर असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. सकाळी आई आधी त्यांच्या हातावर गोळी ठेवते, मग माझ्या.

आईचा बीपी मी अजून तपासून घेतलेला नाही.