पियानोची चिठ्ठी

पेटी, म्हणजे हार्मोनियम, तुम्ही पाहिलीच असेल. कव्वालीत ती असते, भजनातही असते. भाता हलवला की हवा भरते, पट्टी दाबली की ती हवा पितळेच्या पात्याला थरथरवते आणि सूर उमटतो. पेटी बिघडली तर कारागीर तिचे झाकण उघडतो. कधी भाता फाटलेला असतो, कधी पात्यात कचरा अडकलेला असतो. बिघाड डोळ्यांना दिसतो.

डिजिटल पियानोचे तसे नाही. तो संगणकाला जोडून सॉफ्टवेअरच्या मदतीने शिकायचा म्हटला, की अडचण कुठे आहे हेच कळत नाही. पियानो वाजतो, संगणक चालतो आणि तरीही शिकवणी बंद! आमच्या शेजारच्या घरी असेच झाले. ते सांगण्याआधी या दोन यंत्रांचे बोलणे कसे चालते, ते समजून घ्या.

तुम्हाला वाटेल, तारेतून पियानोचा आवाज संगणकाकडे जातो. पण शिकवणीसाठी आवाजाची गरजच नसते. तुम्ही पट्टी दाबली, की पियानो जणू एक चिठ्ठी पाठवतो, 'अमुक क्रमांकाचा सूर, एवढ्या जोराने.' पट्टी सोडली की दुसरी चिठ्ठी. प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक क्रमांक ठरलेला आहे. मधल्या 'सी' या सुराचा ६०, त्याच्या पुढच्या काळ्या पट्टीचा ६१, मग पांढरीचा ६२. सॉफ्टवेअर म्हणजे असा उस्ताद, की ज्याला ऐकू येत नाही. तो फक्त चिठ्ठ्या वाचतो आणि पडद्यावर हिरवी किंवा लाल खूण करतो. (काही सॉफ्टवेअर मायक्रोफोनमधून ऐकतात, पण तारेने जोडले, तर चिठ्ठी हाच पुरावा.)

या चिठ्ठ्यांच्या भाषेला 'मिडी' म्हणतात. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी सहजासहजी जुळत नसत. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे की-बोर्ड तारेने जोडून दाखवण्यात आले. एकावर बोटे फिरली आणि दुसराही बोलू लागला! बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी एकत्र बसून एक भाषा ठरवावी आणि ती चाळीस वर्षांनंतरही चालावी, याचे मला फार नवल वाटते. २०१३ मध्ये या कामाबद्दल दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता शेजारची गोष्ट. तिथली मुलगी तुमच्याच वयाची आहे. तिच्या मामूंनी एक वापरलेला डिजिटल पियानो आणून दिला. लॅपटॉपवर शिकवणीचे सॉफ्टवेअर घातले. पहिल्याच दिवशी पडद्यावर अक्षरे आली : 'वाद्य सापडले नाही.' तिने मला हाक मारली.

पियानोच्या स्वतःच्या स्पीकरमधून सूर येत होता. म्हणजे पट्ट्या ठीक होत्या. मग तार पाहिली. ती मोबाईलच्या चार्जरची होती. अशा नेहमीच्या तारेच्या पोटात चार बारीक तारा असतात. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. पण काही स्वस्त तारांत फक्त विजेच्या दोनच असतात, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्याच तारेने आम्ही मोबाईल लॅपटॉपला जोडून पाहिला. तो चार्ज होऊ लागला, पण त्यातले फोटो काही लॅपटॉपवर दिसेनात. तार बदलली. तरी काम होईना, कारण संगीताचे दुसरे एक सॉफ्टवेअर उघडे होते आणि त्याने पियानो आधीच ताब्यात घेतला होता. दोन्ही बंद केली, आधी पियानो आणि मग शिकवणी सुरू केली. वाद्य सापडले.

चार दिवसांनी गेलो, तर पियानोवर चादर घातलेली.

"चाचा, मला सूर कळतच नाहीत," ती म्हणाली. "एकही हिरवा येत नाही. मामूंना सांगा, विकून टाका."

"हिच्या बोटांत ते नाहीच, भाईजान," तिची अम्मी आतून म्हणाली.

मला हे पटेना. नवशिक्याचे दहांतले सात सूर चुकतील, आठ चुकतील; पण चार दिवसांत एकही बरोबर येऊ नये? इतके अचूक चुकणे माणसाला जमत नाही. सगळेच चूक येते तेव्हा शिकणाऱ्याकडे पाहण्याआधी मोजणाऱ्याकडे पाहावे.

पियानोच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा पडद्यावर दाखवणारी छोटी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यातले एक उघडले. मी तिला मधला 'सी' दाबायला सांगितला. पडद्यावर ६० यायला हवे होते. आले ६२! पुढची पांढरी पट्टी दाबली, ६२ च्या जागी ६४. दर वेळी दोनने पुढे.

"याचे बटण कोणी फिरवले होते का?" मी विचारले.

"मामू गातात तेव्हा काहीतरी करतात," ती म्हणाली.

मामूंचा गळा पांढरी दोनमध्ये चांगला लागतो. बोटांना मात्र पांढरी एकचीच सवय. म्हणून त्यांनी पियानोची पट्टी दोन घरे वर चढवून ठेवली होती. स्केल-चेंजर पेटीत हेच काम पट्ट्यांची रांग सरकवून करतात. काही पियानो बंद केले की ही नोंद पुसली जाते. या पियानोत ती तशीच राहत होती, आणि चिठ्ठीवरही वाढवलेलाच क्रमांक जात होता. बिचारी 'सी' दाबत होती, उस्ताद 'डी' वाचत होता.

पट्टी शून्यावर आणली. तिने तोच पाठ पुन्हा वाजवला. अकरा सुरांपैकी नऊ हिरवे, दोन लाल. ते दोन लाल तिचे स्वतःचे होते, आणि त्यांचाही तिला आनंद झाला. अम्मी दारात येऊन उभी राहिली, पण काही बोलली नाही.

आता पियानोवर तिच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे : 'माझा सराव – ०. मामूंचे गाणे – २. मामू, जाताना शून्य करा.'