नियम घेण्याआधी एवढं बघा



आषाढ लागला. चतुर्दशी जवळ आली की आपण श्रीफळ घेऊन मंदिरात जाऊ आणि महाराजांकडे, माताजींकडे चातुर्मासाचे नियम मागू. जिथे संघ नाही तिथे देवासमोर हात जोडून घेऊ. दरवर्षी ह्या सुमारास मंडळातली कोणी ना कोणी मला थांबवून म्हणते, "वहिनी, नियम घेतोय खरं, पण दिवाळीपर्यंत काय टिकंना बघा."

ह्यात प्रत्येकीला वाटतं की आपलं मनच कच्चं. मला तसं वाटत नाही. पहाटे उठून पाणी गाळणाऱ्या, सगळ्यांचे डबे करून पूजेला वेळेवर पोहोचणाऱ्या बायकांचं मन कच्चं कसं असेल? नियम मोडतो तो बहुतेक वेळा घेतानाच काहीतरी बघायचं राहून गेल्यामुळे. तत्त्वार्थसूत्राचा 7 वा अध्याय काढून बघा. प्रत्येक व्रताबरोबर त्याचे पाच-पाच अतिचार सांगितलेले आहेत. माणूस कुठे घसरेल हे आचार्यांनी आधीच ओळखून ठेवलं होतं. मग आपणही ते आधी ओळखून ठेवलं तर काय बिघडलं? मला दिसलेल्या चुका खाली लिहिते आहे.

शेजारणीचं बघून घेतलेला नियम

पुढच्या रांगेतल्या एकीनं दहा उपवास मागितले की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते. "ती करते, मग मी का नको?" सोळा भावनांमधल्या दोन भावनांची नावं आठवा: शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. त्याग आणि तप ह्या शब्दांच्या आधी 'शक्तीनुसार' हा शब्द लावूनच दिला आहे. शक्ती शेजारणीची नाही, आपली.

माझ्या आतेसासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी दशलक्षणात उपवासाचा हट्ट धरला होता. मुलगा म्हणाला, "आई, आधी डॉक्टरांना विचारू." डॉक्टरांनी गोळ्या आणि जेवणाच्या वेळा समोर ठेवल्या आणि उपवासाला साफ नाही म्हटलं. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. मग माताजींकडे गेल्या. माताजींनी त्यांना रसत्याग दिला. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि मीठ ह्या सहा रसांपैकी दूध, दही, तूप ह्यांतला एकेक ठरलेल्या वारी सोडायचा, जेवणाची वेळ मात्र चुकवायची नाही. गेली चार वर्षं त्यांचं हे बिनबोभाट चाललं आहे. ज्यांना गोळ्या, इन्सुलिन, रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता आणि घरच्यांपासून लपवून काहीही घेऊ नका. आजारपण लपवून घेतलेला नियम सगळ्या घराच्या जिवाला घोर लावतो.

हद्द नसलेला नियम

"ह्या चातुर्मासात स्वाध्याय वाढवीन." किती? कधी? कुठला ग्रंथ? दिग्व्रतात दिशांची मर्यादा घ्यायची तर नदी, डोंगर, गाव अशा ओळखू येणाऱ्या खुणा धरायला रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलं आहे. कारण खूण नसेल तर आपण हद्द ओलांडली की नाही हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून असं म्हणा: "मंदिरातून आल्यावर, गॅस पेटवायच्या आधी, दोन पानं." जागा ठरली, वेळ ठरली, माप ठरलं. दोन पानं फार थोडी वाटतात, पण रोजची दोन म्हणजे 120 दिवसांत 240 पानं होतात. आणि "वेळ मिळेल तेव्हा वाचीन" म्हणणारीला बायकांच्या दिवसात वेळ कधी मिळतो ते आपण सगळ्या जाणतो.

पहिल्याच आठवड्याचा हिशेब

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. रात्रिभोजनत्यागाचंच घ्या. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात सूर्यास्त सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. नोकरी करणारी सून सव्वासहाला घरी येते, भाकरी-आमटी होते, पावणेसातला ताटं मांडली जातात. नियम अगदी सोपा वाटतो. भाद्रपद उलटून सप्टेंबर संपत आला की सूर्यास्त साडेसहाच्या आत येतो. दिवाळीला सहाच्या आसपास. आणि सूर्यास्ताआधी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं, जेवण आटोपायचा ज्यांचा नियम आहे त्यांना दिवाळीत सव्वापाचला हात धुवावे लागतात.

आता सांगा, सव्वासहाला बसमधून उतरणारी ती मुलगी आश्विनात काय करणार? तिचा नियम मोडतो आणि तिला वाटतं आपली श्रद्धा कमी पडली. श्रद्धा होती तेवढीच आहे, दिवस एक तासाहून जास्त लहान झाला. नियम घेण्याआधी पंचांग उघडून शेवटच्या महिन्याचा सूर्यास्त बघा. संध्याकाळचा डबा ऑफिसात नेता येईल का, ते आधी ठरवा. नाही जमत असेल तर दशलक्षणाचे दहा दिवस घ्या, किंवा अष्टमी-चतुर्दशी घ्या. महिन्याला चार, म्हणजे चार महिन्यांत सोळा दिवस. सोळा दिवस नीट पाळलेले बरे.

हेच बाकीच्या बेतांनाही लागू आहे. जूनमध्ये ठरवलेली बचत गणपती, दसरा आणि दिवाळीच्या खर्चातून जाणार असते. ती त्या महिन्यांच्या खर्चावर ठरवावी.

अडचणीला जागा न ठेवणं

आपल्या श्वेतांबर मैत्रिणी पच्चक्खाण घेतात तेव्हा त्यात आगार असतात. नकळत तोंडात काही गेलं, अचानक काही घडलं, मोठं आजारपण आलं, तर काय, हे घेतानाच बोललेलं असतं. ही पळवाट नव्हे. पळवाट नंतर शोधली जाते, आगार आधी ठरलेला असतो. नियम मागतानाच महाराजांना विचारा: बाळंतपण आलं, प्रवास आला, घरात कोणी आजारी पडलं तर मी काय करावं? ते नक्की सांगतात. त्यांना आपल्या घरातल्या अडचणी आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

घराला न विचारता केलेला बेत

सूनबाईंनी एकाशन घेतलं आणि रात्रीचा स्वयंपाक सत्तर वर्षांच्या सासूबाईंवर पडला, असं मी पाहिलं आहे. उलटही पाहिलं आहे: सासूबाईंचं सोवळ्याचं वेगळं ताट, वेगळं पाणी, आणि ते सगळं करायला ऑफिसला निघालेली सून. नियम आपला असतो, पण त्याचं काम कोणाच्या तरी हातांवर येतं. ते हात कोणाचे, हे आधी बोलून घ्यावं. "अगं, चार महिने सकाळी अर्धा तास मला लागेल, पोरांचं तू बघशील का?" एवढं विचारलं की समोरचीलाही वाटतं की ह्या पुण्यात माझा वाटा आहे. न विचारता लादलं तर तिच्या मनात कषाय आणि आपल्या ताटात त्याग, असला हिशेब जुळत नाही.

हद्द हळूच सरकवणं

दिग्व्रताच्या अतिचारांत एकाचं नाव क्षेत्रवृद्धी आहे. ठरलेली हद्द आपणच वाढवून घ्यायची. साड्यांच्या परिमाणात हे हमखास होतं. ह्या वर्षी चारच साड्या. मग "आहेराची आली ती धरायची नाही", "सुती साडीला काय साडी म्हणायचं?" करत करत सात होतात. पुढचाच अतिचार स्मृत्यंतराधान आहे, म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरणं. विसरणं हाही दोष म्हणून मोजला आहे. उपाय साधा आहे: नियम ज्या शब्दांत घेतला त्या शब्दांत वहीत लिहा, तारीख घाला, आणि वही देवघरापाशी ठेवा.

एकदा मोडला म्हणून सगळं सोडणं

माझ्या जाऊबाईंनी एका वर्षी रात्रिभोजनत्याग आणि रोजची 108 मण्यांची जपमाळ घेतली होती. आश्विनात धाकट्याला डेंग्यू झाला. तीन रात्री त्या दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होत्या. दुसऱ्या रात्री चक्कर येऊ लागली तेव्हा नर्सनं दिलेली बिस्किटं खाल्ली. मुलगा बरा होऊन घरी आला, पण ह्यांनी माळ हातात घेतली नाही. "माझा नियम गेला, आता कशाला?" पुढची दोन वर्षं नियम नाही, विधानात बसणं नाही. मंदिरात आल्या तरी खांबामागे उभ्या राहायच्या.

मी त्यांना आग्रह करून एका माताजींकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक एकाशन आणि काही माळा प्रायश्चित्त दिलं. मग म्हणाल्या, "बाळ वाचलं ना? मग तेव्हा राहिलेले दिवस आता पुरे कर." जाऊबाई तिथेच रडल्या. दोन वर्षांचं ओझं, आणि उतरायला अर्धा तास पुरला.

शास्त्रात अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार अशा चार पायऱ्या वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. मन ढळणं वेगळं, कुंपण ओलांडणं वेगळं, दोष लागणं वेगळं आणि व्रतच टाकून देणं वेगळं. आपण बायका पहिल्या पायरीवर पाय घसरला की स्वतःलाच चौथ्या पायरीवर ढकलून देतो. प्रतिक्रमण आहे ते परत फिरण्यासाठी. घरातलं दूध एकदा उतू गेलं म्हणून आपण दूध तापवणं बंद करतो का?

आणखी एक. ठरावीक काळाचा तो नियम आणि जन्मभराचा तो यम, असा फरक समंतभद्र आचार्यांनी केला आहे. पहिल्या वर्षीच जन्मभराचं मागायला कोणी सांगितलेलं नाही. आधी दहा दिवस, मग चार महिने, मग वर्ष. अंगात मुरलं की पुढचं आपोआप सुचतं.

तर मैत्रिणींनो, चतुर्दशीच्या आधी एका दुपारी, भांडी आवरली की, पंचांग आणि वही घेऊन बसा. घरच्यांनाही बसवा. चार महिन्यांतली लग्नं, परीक्षा, प्रवास आणि डॉक्टरांच्या तारखा लिहा. मग जे उरतं त्यात मावेल एवढंच मागा, आणि ते आनंदानं मागा. जाऊबाईंनी ह्या वर्षी फक्त अष्टमी-चतुर्दशीचं रात्रिभोजनत्याग मागायचं ठरवलं आहे. वहीत सोळा चौकोन आखून तयार आहेत.

जय जिनेंद्र.