टी स्विस मेड टी

जुन्या घड्याळांच्या बाजारात म्हातारपणाला भाव आहे, फक्त ते खरं हवं. काळी तबकडी वर्षानुवर्षांच्या उन्हाने तपकिरी झाली, तर तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. तीच कोणी रंगवून नवीकोरी केली, की भाव कोसळतो.

काकूच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी आजोबांचं ओमेगा सीमास्टर विकायचं ठरलं. चुलतभाऊ म्हणाला, "तू इंजिनिअर ना, डायल ओरिजिनल आहे का बघून सांग."

मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसलो. सुरुवात सहाच्या खालून. 1960च्या दशकात चमकणाऱ्या रंगात रेडियमच्या जागी ट्रिटियम आलं आणि बऱ्याच स्विस तबकड्यांवर 'टी स्विस मेड टी' छापलं जाऊ लागलं. आमच्या घड्याळावर ही अक्षरं होती, पण जाड, कडा पसरलेली. कारखान्यातली छपाई भिंगाखालीही रेखीव दिसते. मिनिटांच्या रेघाही तासांच्या पट्ट्यांशी जुळत नव्हत्या.

मग खोलीतला दिवा बंद केला. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं. 60 वर्षांत जेमतेम 3-4 टक्के उरतं. त्यातली चमकणारी पूडही थकते. टॉर्च मारल्यावर काटे क्षणभर उजळून विझले. तबकडीवरचे ठिपके मात्र हिरवेगार चमकत राहिले. एकाच घड्याळात दोन वयं.

बाबांना विचारलं. एका पावसाळ्यात आत पाणी शिरलं होतं, म्हणून आजोबांनी मुंबईत तबकडी रंगवून घेतली होती. त्यांना वेळ वाचायची होती, बाकी काही नाही.

"हे लिहायलाच हवं का?" दादाने विचारलं. "कोणाला कळतंय?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. 2021 साली जिनिव्हात ट्रॉपिकल तबकडीचं एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. 2023मध्ये ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेलं निघालं. विकत घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या म्युझियमसाठी. त्यांना कळलं नाही, तर आमच्या गिऱ्हाइकाला काय कळणार?

पण मला कळलं होतं. जाहिरातीत मी लिहिलं: 'तबकडी पुन्हा रंगवलेली.' भाव अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. कमी पडले ते पैसे दादाने आणि मी घातले.

काकूला मात्र आम्ही सांगितलंय, घड्याळाला चांगला भाव मिळाला.