गोळी का चुकते?

मराठवाड्यातल्या एका एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे. एचआयव्हीची औषधं मोफत देण्याची सरकारी योजना १ एप्रिल २००४ रोजी देशातल्या मोजक्या राज्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्र पहिल्यापासून होता. उचलून आणावी लागलेली माणसं पुढच्या वर्षी स्वतः एसटीनं येऊन गोळ्या नेताना मी पाहिली आहेत. या औषधांवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच पहिल्याच औषधांना दाद न देणारा रुग्ण समोर बसला की जीव कासावीस होतो. अशा रुग्णाच्या कागदावर कारण बहुधा ठरलेलं असतं: ‘गोळ्या अनियमित’. पुष्कळदा ते खरंही असतं. पण तेवढ्यावर थांबलं, तर दुसऱ्या टप्प्याची औषधंही त्याच वाटेनं जातात.

आधी हे बिघडतं कसं, ते सांगते. एचआयव्हीचे विषाणू शरीरात रोज अब्जावधींनी तयार होतात आणि ही नक्कल होताना चुका राहतात. एखाद्या चुकीमुळे एखादा विषाणू नेमका औषधाला न जुमानणारा निघतो. म्हणून तीन औषधं एकत्र देतात. एकातून सुटला तर दुसरं गाठतं. रक्तात औषध पुरेसं असलं की नक्कलच थांबते. ते कमी पडलं की विषाणू पुन्हा वाढतो, तोही औषधाच्या सान्निध्यात, आणि न जुमानणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून औषध अर्धवट असणं घातक ठरतं, कारण त्या औषधाचा पुढचा उपयोगही संपतो.

आता माणसांकडे येते. एक ऊसतोड कामगार केंद्रात यायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, दसरा झाला की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात. गोळी रात्री झोपताना एकच, तिच्यात तिन्ही औषधं. त्यातल्या एफाविरेन्झनं सुरुवातीला गरगरतं, भलतीसलती स्वप्नं पडतात. घरी असताना त्यानं ते निभावलं. हंगामात मात्र व्हायरल लोड हजाराच्या खूप वर गेला. उपचार घेणाऱ्याच्या रक्तात दर मिलिलिटरला हजारावर विषाणू सापडले, की धोक्याची घंटा समजतात. मी विचारलं, “दादा, दिवस कसा जातो तिकडं?” तो म्हणाला, “मॅडम, रातच्याला दोनला ट्रक भरायला उठावं लागतंय. डोक्यावर मोळी, पायाखाली फळी. गोळी खाल्ली की फळी हालतीय असं वाटतंय. पडलो तर कोण बघणार?”

गाडी भरायची त्या रात्री तो गोळी घेत नव्हता. बाकीच्या रात्री घेत होता. त्याच्या हिशोबानं तो निम्म्याहून जास्त गोळ्या घेत होता. पण औषधांचा हिशोब वेगळा असतो. त्या गोळीतलं लॅमिव्ह्युडीन लवकर ओसरतं, एफाविरेन्झ कित्येक दिवस रक्तात रेंगाळतं. पुन्हापुन्हा खंड पडला की ते जवळजवळ एकटं उरतं, आणि त्याला निष्प्रभ करायला विषाणूत एक बदल पुरतो. कारखान्याजवळच्या केंद्रातून गोळ्या घेण्याची सोय होती. पण तिकडे जायचं म्हणजे दिवसाचा खाडा, मुकादमाला कारण सांगणं, आणि टोळीत कुजबुज. उचल घेतलेल्या माणसाला हे तिन्ही परवडत नव्हतं. हा निष्काळजीपणा नव्हता. फळीवरून पडायचं नाही, एवढंच तो बघत होता.

दुसरी एक ताई. तिची एक गोळी कधी चुकली नाही. मुलाच्या शाळेच्या घंटेला गोळी घ्यायची, तारखेच्या आदल्या दिवशी केंद्रात हजर व्हायची. तरी तिची पहिली औषधं लवकरच निकामी झाली. तिच्या उपचारांच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकात काही सापडेना, म्हणून मी तिच्या बाळंतपणाबद्दल विचारलं. उत्तर तिथं होतं. त्या काळी बाळाला लागण होऊ नये म्हणून कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एकच गोळी देत. त्या एका गोळीनं कितीतरी बाळं वाचली, तिचा मुलगाही वाचला. पण नेव्हिरापिनही शरीरातून सावकाश जातं, आणि सोबत दुसरी औषधं नव्हती. तेवढ्यात काही आयांच्या शरीरात प्रतिकार करणारा विषाणू तयार व्हायचा. पुढे तिचे उपचार सुरू झाले तेव्हा गोळीत नेव्हिरापिन होतंच. म्हणजे तीन औषधांतलं एक पहिल्या दिवसापासून लंगडं. पुढे गरोदर बायांना तिन्ही औषधं सुरू करून ती कायम ठेवण्याचं धोरण आलं. पण त्या ताईला कोणी ‘गोळ्या चुकवल्यास का’ असं विचारलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला विसरता येत नाही.

तिसरी बाई अलीकडची. आता गोळी बदलली आहे. २०२० नंतर सरकारी केंद्रांत डोल्युटेग्रॅव्हिर असलेली गोळी आली. गरगर कमी, आणि विषाणूला तिच्याविरुद्ध उभं राहणं फार अवघड. या बाईनं बाटली माझ्यासमोर ट्रेमध्ये उपडी केली. “मोजा मॅडम. एक कमी नाही, एक जास्त नाही.” मोजल्या, बरोबर निघाल्या. लेबल खरवडून काढलेलं, आत कापूस कोंबलेला, बाटली खुळखुळू नये म्हणून. घरी ती ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवायची, हेही तिनं सांगितलं. तरीही व्हायरल लोड चढलेला. मी दार लावून घेतलं आणि तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं. बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “ते नाही येत इथं. गावात मान आहे त्यांना. रांगेत कोणी पाहिलं तर? म्हणून एक दिवस मी खाते, एक दिवस त्यांना देते.”

एका माणसाच्या गोळ्यांवर दोघं चालली होती, आणि दोघांचेही उपचार फसत होते. नवऱ्याची नोंद आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात करून घेतली. काही महिन्यांनी तिचा अहवाल आला, विषाणू मोजणीत सापडत नव्हता. औषध तेच होतं. फक्त रोज तिच्याच पोटात जात होतं.

काही वेळा गोळी पोटात जाते, तरी रक्तात पोचत नाही. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि डोल्युटेग्रॅव्हिर झपाट्यानं बाहेर पडतं. म्हणून क्षयाचे उपचार चालू असताना बारा तासांनी त्याची आणखी एक गोळी द्यावी लागते. खासगी डॉक्टरपासून एचआयव्ही लपवला, तर ही जादा गोळी कोण देणार? पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियम, लोहाच्या लाल गोळ्या यांचंही तसंच. पित्ताच्या औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर आपली गोळी घ्यायची. कॅल्शियम-लोहाचंही हेच अंतर, किंवा मग सगळं जेवणासोबत. दोन वाक्यांची ही माहिती, पण ती देण्यासाठी आधी माणसानं मोकळं बोलायला हवं.

पूर्वी उपचार फसलेले कळायचे ते रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी घसरल्यावर किंवा माणूस पुन्हा आजारी पडल्यावर. २०१८ पासून व्हायरल लोडची तपासणी नियमित होऊ लागली आणि वेळेवर सावध होता येऊ लागलं. लोड वाढलेला दिसला की आम्ही लगेच औषध बदलत नाही. आधी काही महिने बोलतो, अडचण शोधतो, पुन्हा तपासतो. पुष्कळांचा लोड त्याच औषधांवर खाली येतो. तो आला नाही, तर दुसऱ्या टप्प्याची औषधं आहेत आणि तीही मोफत आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे: गोळी चुकते तिथं बहुतेक वेळा कशाची तरी भीती असते. मुकादमाची, सासरची, गावाची. ही भीती रुग्णानं एकट्यानं निर्माण केलेली नाही, त्यामुळे ती त्यानं एकट्यानं घालवावी हेही बरोबर नाही. कोणाचा एचआयव्ही त्याच्या संमतीशिवाय उघड करणं आणि त्यावरून त्याला कामावरून किंवा घरातून काढणं याला २०१७ च्या कायद्यानं मनाई केली आहे. पण कायदा ज्वारीच्या कोठीपर्यंत पोचत नाही. तिथं घरच्यांनीच पोचायला हवं. तुमच्या ओळखीत कोणी ही गोळी घेत असेल, तर तिला घरात उघड्यावर ठेवायला जागा द्या, आणि तारखेच्या दिवशी कामाचा खाडा धरू नका. गोळी घेणाऱ्यांना सांगते: चुकली असेल तर चुकली म्हणून सांगा, आणि का चुकली तेही सांगा. उपचार वाचवायचे असतील, तर आम्हाला सगळ्यात आधी तेच लागतं.